फोटो चांगला आलाय

मागच्या दाराच्या काचेवर एक हत्ती होता. म्हणजे लहान मुलांना ऊन लागू नये म्हणून काचेला आतून चिकटवतात ना ती काळी जाळी, तिच्यावर छापलेला निळा हत्ती, सोंड वर केलेला, हसणारा. गाडीचं पुढचं सगळं आत गेलं होतं, बॉनेट घडी घातलेल्या कागदासारखं उभं, रेडिएटर इंजिनाला जाऊन चिकटलेला, एक चाक पार आडवं झालेलं, आणि मागे ही काच अख्खी, तिला साधा ओरखडा नाही, हत्ती जसाच्या तसा. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा थोडा खाली घेतला, अर्धं पाऊल डावीकडे सरकलो म्हणजे वर गेलेली सोंड आणि वर आलेलं बॉनेट एका रेषेत येतील, आणि बटण दाबलं. मग स्क्रीनवर बघितलं आणि मनात पहिलं काय आलं असेल तर, वा, फोटो चांगला आलाय.

त्या दिवशी मूल गाडीत नव्हतं. हे लगेच सांगून टाकतो कारण तुम्ही आत्ता तेच विचारणार होतात. मीही विचारलं होतं, पण फोटो काढून झाल्यावर.

बरीच वर्षं झाली याला. गाडीचा रंग आता नीट आठवत नाही, रस्ता तर अजिबातच नाही, पण ते "वा" मात्र माझ्याच आवाजात अजून ऐकू येतं. मधे एकदा जुनी हार्ड डिस्क साफ करताना तो फोटो परत समोर आला आणि खरं सांगतो, तो अजूनही चांगलाच आहे. वाईट निघाला असता तर बरं झालं असतं. हलला असता, फ्लॅश उडाला नसता, काहीही.

तेव्हा मी एका विमा सर्व्हेयरच्या हाताखाली काम करायचो, ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढायचं. काही स्पॉटवर जाऊन, बरेचसे नंतर यार्डात, जिथे क्रेनने ओढून आणलेल्या गाड्या रांगेत उभ्या असतात. सरांचं पहिल्या दिवशीचं वाक्य होतं की फोटोत कला नको, माहिती पाहिजे. लांबून, मधून, जवळून, या क्रमाने. गाडीच्या चारी कोपऱ्यांतून एकेक, प्रत्येकात नंबरप्लेट किंवा काहीतरी ओळख. चेसिस नंबर, ओडोमीटर, टायरची नक्षी किती झिजलीये ते. रस्त्यावर असू तर गाडी शेवटी जिथे थांबली ती जागा, आणि त्या जागेच्या बरोबर एखादा खांब, एखादा पूल, म्हणजे उद्या गाडी उचलली तरी जागा सापडली पाहिजे. टायर घासल्याच्या खुणा कोनातून काढल्या तर लांबी फसवी दिसते म्हणून बाजूला टेप पसरायची. रस्ता ओला असेल तर चकाकीत खुणा बुडून जातात, मग लेन्सवर पोलरायझर लावायचा आणि तो हळूहळू फिरवत बसायचं, एका क्षणी चकाकी मरते आणि खालून काळे पट्टे वर येतात. मला ते फार आवडायचं. आवडायचं हा शब्द इथे बरा नाही दिसत, पण दुसरा सापडत नाहीये.

कारण खोटं कशाला बोला, त्या कामात एक नशा होती. लोखंड बोलतं. आमच्या वेळी हेडलाइटमध्ये तारेचे बल्ब असायचे आणि अपघाताच्या क्षणी दिवा चालू होता की बंद यावरून भांडणं व्हायची. तर दिवा चालू असेल तर आतली तार तापून मऊ झालेली असते, दणका बसला की ती ताणली जाते, लांबट वेडीवाकडी होते. बंद असेल तर थंड आणि कडक, टचकन तुटते. आणि तार तापलेली असताना काच फुटली तर आत हवा शिरून ती जळते आणि आत पांढरट पिवळी पूड बसते. म्हणजे माणूस शपथेवर सांगतोय दिवे लावले होते आणि केसाएवढी एक तार म्हणतीये नव्हते. सीटबेल्टचंही तसंच, खरंच ताण आला असेल तर पट्टा जिथे कडीतून जातो तिथे घासून वितळल्यासारखी एक चकाकी येते. बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात, त्यांचा चुरा होतो, रस्त्यावर गारा पडून गेल्यासारखं दिसतं. पण पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा, ती सांडत नाही, तडकून जागेवरच राहते. आणि तिच्यावर जर कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल दिसला, मध्यभागी बाहेरच्या बाजूला फुगवटा आलेला, तर तो दगडाने आलेला नसतो. आतून आलेला असतो. कपाळाच्या उंचीवर.

पहिल्यांदा तसा गोल दिसला तेव्हा सर म्हणाले, जवळून घे, फोकस बघ. मी घेतला. फोकस मस्त आला होता.

घरी आल्यावर आई विचारायची, कुठली गाडी, कशी ठोकली, आणि मी काही सांगायच्या आधीच तिचा पुढचा प्रश्न तयार असायचा, "माणसं वाचली का रे?" आणि बहुतेक वेळा मला माहीतच नसायचं. आम्ही पोचायचो तोवर माणसं नेलेली असायची, उरायचं ते फक्त पत्रा. आईला हे अजिबात पटायचं नाही. चाळीस फोटो काढलेस आणि एवढंही माहीत नाही? म्हणजे काढलेस काय मग? याचं उत्तर मला तेव्हा देता यायचं नाही, आता थोडंफार येतं. फोटोतून ते कळत नाही. अपघाताचा फोटो बघून आपल्याला वाटतं की सगळं कळलं, आणि नेमकी तीच एक गोष्ट कळलेली नसते.

उलट बऱ्याचदा तो चक्क फसवतो. लोकांना वाटतं गाडीचा जितका चेंदामेंदा तितकं आत वाईट. पण गाडीचा पुढचा भाग चेंदायलाच बनवलेला असतो. बेला बारेनी नावाचा एक इंजिनिअर मर्सिडीजमध्ये होता, त्याने १९५० च्या सुमाराला ही कल्पना मांडली की गाडीचा मधला डबा कडक ठेवा आणि पुढचं मागचं मुद्दाम मऊ करा, म्हणजे धडकेची ताकद पत्रा खाईल आणि माणूस वाचेल. तोपर्यंत सगळे उलटं समजायचे, जितकी टणक गाडी तितकी सेफ. २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या एका संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू ताशी चौसष्ट किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर आपटवल्या. जुनी गाडी कसली दणकट दिसते, क्रोमबिम लावलेली, रणगाड्यासारखी. आणि तिच्यात आतला डबाच कोसळला, स्टीअरिंग डमीवर, म्हणजे चाचणीसाठी माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर, येऊन बसलं. नव्या गाडीचं नाक पूर्ण गेलं, पण तिच्या डमीच्या पायाला थोडंफार लागलं, बस. म्हणजे नव्या गाडीचा तसा मोडलेला फोटो कुणी ग्रुपवर टाकला की खाली हात जोडलेले शंभर इमोजी येतात आणि ड्रायव्हर कदाचित त्याच वेळी बाजूला उभा राहून फोनवर बायकोला सांगत असतो की अगं उशीर होईल.

आणि याच्या उलटंही. यार्डात एकदा एक गाडी आली, पुढे मार होता पण फार नाही, दार साध्या हँडलने उघडलं, काच शाबूत, आत आरशाला लटकवलेली मण्यांची माळसुद्धा तुटलेली नव्हती. मी सरांना म्हणलं हे तर किरकोळ आहे. सरांनी फाइल पुढे केली, काही बोलले नाहीत. दोघं गेले होते. गाडी थांबते, शरीर थांबतं, पण शरीराच्या आतलं सगळं त्याच क्षणी थांबत नाही, मोठी रक्तवाहिनी आतल्या आत फाटते, बाहेर एक थेंब नसतो. मी त्या गाडीचे बावीस फोटो काढले होते आणि बावीसच्या बावीस बिनमहत्त्वाचे दिसतात. अजूनही. मला हत्तीपेक्षा त्या फोटोंची जास्त भीती वाटते खरं तर, पण ते कुणाला दाखवले तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही.

आईच्या त्या प्रश्नावरून एक प्रसिद्ध फोटो आठवतो, तुम्हीही शंभर टक्के पाहिला असेल, पोस्टरवर असतो, कॉफीच्या मगवर असतो. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनच्या वरच्या मजल्यावरच्या भिंतीतून एक रेल्वे इंजिन बाहेर पडलंय आणि नाकावर खाली रस्त्यात उभं आहे. २२ ऑक्टोबर १८९५. गाडी वेगात आली, ब्रेक लागला नाही, रूळ संपतात तिथले अडथळे तोडून, सगळा फलाट ओलांडून भिंतीतून बाहेर. ते चित्र इतकं अजब आहे की हसूच येतं, कुणीतरी खेळणं फेकून दिल्यासारखं. मी तर कॉलेजात असताना वहीच्या कव्हरवर चिकटवला होता. गाडीतले प्रवासी वाचले. पण खाली रस्त्यावर एक बाई होती, तिचा नवरा पेपर विकायचा, तो संध्याकाळचे पेपर आणायला गेला होता म्हणून तेवढा वेळ ती स्टॉलवर थांबली होती. ती गेली. फोटोत ती नाही, कुठेच नाही. हे कळल्यावर मी परत तो फोटो बघितला तर काय, फोटो तोच, तेवढाच गमतीदार. मला वाटलं होतं आता वेगळा दिसेल.

यार्डाची नोकरी सोडल्यावर कधीतरी मला आर्नोल्ड ओडरमाट सापडला, आणि मी त्याच्या फोटोंपुढे जितका वेळ घालवलाय तितका कुणाच्याच पुढे नसेल. हा स्वित्झर्लंडमधल्या निडवाल्डन नावाच्या छोट्या प्रांतातला पोलीस. १९२५ चा जन्म. आधी बेकरीचं काम शिकला, तब्येतीमुळे सोडावं लागलं, १९४८ साली पोलिसात आला. तेव्हा तिथले पोलीस अपघाताचं हाताने चित्र काढायचे, हा कॅमेरा घेऊन जायला लागला तर साहेबांनाच संशय, की हा नक्की करतोय काय. त्याला पटवून द्यावं लागलं की स्केचपेक्षा फोटो बरा. मग पुढची चाळीस वर्षं तो डोंगरातल्या, तळ्याकाठच्या रस्त्यांवर ठोकलेल्या गाड्या टिपत राहिला, ट्रायपॉड घेऊन व्हॅनच्या टपावर चढून वगैरे. रिपोर्टसाठी लागणारे फोटो आधी काढायचा. मग जखमींना नेलं, गर्दी पांगली, की एक स्वतःसाठी.

तो स्वतःसाठीचा फोटो म्हणजे काय असतो ते शब्दात सांगणं अवघड आहे. सगळं निवांत. ओला रस्ता, त्यावर पोलिसांनी खडूने आखलेल्या पांढऱ्या रेघा, मागे तळं, तळ्यापलीकडे डोंगर, आणि मधोमध एक फोक्सवॅगन बीटल तोंड फिरवून बसलेली, रुसल्यासारखी. एकात ती अर्धी पाण्यात आहे. रक्त नाही, माणूस नाही, असलाच तर लांब उभा असलेला एखादा टोपीवाला. ते फोटो वर्षानुवर्षं पडून होते, १९९० च्या दशकात त्याच्या मुलाला सापडले, तो सिनेमावाला, मग पुस्तक निघालं, प्रदर्शनं झाली आणि २००१ साली थेट व्हेनिसच्या बिएनाले नावाच्या मोठ्या कलाप्रदर्शनात लागले. २०२१ साली ओडरमाट गेला, पंच्याण्णव वर्षं पार करून.

मी त्याच्यावर इतका का अडकलो हे मला नंतर लक्षात आलं. मी पुरावा शोधत होतो. म्हणजे असा एक भला माणूस, नाकासमोर चालणारा, रीतसर पोलीस, आणि त्यालाही ठोकलेली गाडी सुंदर दिसली, तर मग मलाही दिसली त्यात काय एवढं. वकील लावल्यासारखा मी त्याला लावला होता माझ्या बाजूने. पण त्याच्या आणि माझ्या मधे एक फरक आहे जो मी बरेच दिवस स्वतःपासून लपवला. तो थांबायचा. माणसं जाईपर्यंत थांबायचा. माझ्यावर एक पाळी अशी आली होती की मी थांबलो नव्हतो, ते सांगतो पुढे, आत्ता नको.

बघण्याचा मोह काही आजचा नाही. प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये एक गोष्ट येते, लिओंटियस नावाचा माणूस अथेन्सच्या भिंतीबाहेरून चाललेला असतो, तिथे जल्लादापाशी प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसंही वाटतं, किळसही येते. तो थोडा वेळ तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो, डोळे फाडून धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या देतो, की घ्या मेल्यांनो, काय बघायचं ते बघून घ्या एकदाचं. अडीच हजार वर्षं होत आली. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तो डोळ्यांना शिव्या देतो, जसं काही डोळे म्हणजे दुसरेच कुणीतरी, त्याच्या गावचे नाहीतच. आपणही तसंच म्हणतो ना, नजर गेली. मी बघितलं असं कोण म्हणतं? नजर गेली. हायवेवर एका बाजूला अपघात झाला की दुसऱ्या बाजूची वाहतूक, जिच्या वाटेत काहीच नाही, ती पण तुंबते ती याच्यामुळेच, प्रत्येक ड्रायव्हरची दोन सेकंद नजर गेलेली असते. आणि मग त्या बाजूला पण एक ठोकाठोकी होते.

आता त्या नजरेच्या हातात फोन आलाय. जर्मनीत २०२१ पासून अपघातात गेलेल्या माणसाची विटंबना होईल असा फोटो काढणं हाच गुन्हा आहे, नुसता पसरवणं नाही, काढणं, दोन वर्षांपर्यंत तुरुंग. तिथल्या एका ॲम्ब्युलन्स सेवेने तर गाडीच्या अंगावर मोठाले क्यूआर कोड रंगवून बघितले, म्हणजे कुणी शूटिंग करायला फोन वर धरला की आपोआप स्क्रीनवर मेसेज उमटतो, टक लावून बघण्याने जीव जातो. आयडिया भारी आहे. पण मी ते वाचल्यावर पहिला विचार काय केला, सांगू? की आपण तर ऑफिशियल होतो, आपल्याकडे लेटर होतं. खरंच होतं, खिशात असायचं, सही शिक्क्याचं. पण कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला जो उभा असतो त्याला मागच्या माणसाच्या खिशातलं लेटर दिसत नाही.

मेक्सिको सिटीत एनरिके मेतिनिदेस नावाचा फोटोग्राफर होऊन गेला. १९३४ चा जन्म. लहानपणी वडिलांनी कॅमेरा दिला तर हा पोरगा ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढत हिंडायला लागला, बाराव्या वर्षी पेपरात फोटो छापून आला, बाकीचे प्रेस फोटोग्राफर त्याला एल निन्यो म्हणायचे, म्हणजे पोरगा, आणि म्हातारा होईपर्यंत तेच नाव राहिलं. रेडक्रॉसच्या ॲम्ब्युलन्समधून फिरायचा. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १९७९ चा. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेली एक बाई, पत्रकार होती, नुकतीच पार्लरमधून आलेली, केस नीट, नखं रंगवलेली, दोन खांबांच्या बेचक्यात अडकलेली, डोळे उघडे. मागे एक मदतनीस तिला झाकायला कापड घेऊन येतोय. झाकायच्या आधीचा तो क्षण आहे. एक मिनिट उशीर झाला असता तर फोटो नसता. ओडरमाटच्या बरोबर उलटं. ती त्यात इतकी सुंदर दिसते की बघणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटते, आणि लाज वाटत असताना तो बघतच राहतो.

पण मेतिनिदेसच्या फोटोंत मला जे खरं टोचतं ते मेलेले नाहीत, मागची गर्दी आहे. त्याने गर्दी कधी कापली नाही. पोरं, बायका, आइस्क्रीमवाला वाटावा असा कुणीतरी, सगळे दाटीवाटीने उभे, आणि त्यातले निम्मे अपघाताकडे बघतच नाहीयेत, कॅमेऱ्याकडे बघतायत. म्हणजे आपल्याकडे. तसंच अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं, त्याने १९६२-६३ मध्ये वर्तमानपत्री अपघातांचे फोटो कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छापले, एकच फोटो आठ वेळा, दहा वेळा, भिंतीवरच्या टाइल्ससारखा. लोक म्हणतात वारंवार बघून बोथट होतं ते दाखवायचं होतं, असेल. त्यातल्या एकात हिरव्या रंगात एक उलटलेली, जळणारी गाडी आहे, ड्रायव्हर खांबाला अडकून लटकलाय, आणि मागून एक माणूस खिशात हात घालून चाललाय. घाई नाही, काही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या माणसाचा इतका राग आला मला. मग वाटलं, निदान त्याचे हात खिशात तरी आहेत.

तर आता ते, जे पुढे सांगतो म्हणलं होतं.

दुपारची वेळ, स्पॉटवर गेलो होतो, गाडी रस्त्याच्या कडेला खाली उतरून झाडाला बसलेली. माणसं आधीच नेली होती असं आम्हाला सांगितलेलं. पाच-सहा जण उभे होते आसपास, असतातच. मी माझा क्रम चालू केला, लांबून, मधून, जवळून. ड्रायव्हरच्या बाजूचं दार कापून काढलेलं होतं आणि मला आतली सीट आणि पट्टा हवा होता, पट्ट्यावर ती चकाकी आहे का ते बघायचं होतं. एक बाई त्या दाराशी उभी होती, माझ्याकडे पाठ, हात वरच्या पत्र्यावर टेकवलेला, जशी माणसं गाडीतल्या कुणाशी तरी बोलताना उभी राहतात ना, तशी. तिची सावली बरोबर सीटवर पडत होती. अर्धी सीट काळी, अर्धी उन्हाने पांढरीफटक, असा फोटो काही कामाचा नसतो. मी एकदा थांबलो, दोनदा व्ह्यूफाइंडरमधून बघितलं, आणि म्हणलं, "ताई, जरा बाजूला व्हा ना, सावली पडतीये."

ती लगेच झाली बाजूला. "सॉरी" म्हणाली. मला सॉरी म्हणाली ती.

मी फोटो काढले. पट्टा लावलेला होता, चकाकी स्पष्ट आली. तीन फोटो काढल्यावर मागून एका काकांनी हळूच सांगितलं की तिचा मुलगा चालवत होता, आत्ता फोन आलाय हॉस्पिटलमधून. बाकी काही म्हणाले नाहीत ते, रागावलेही नाहीत. मी मान हलवली. आणि मग, हे मी आजपर्यंत फार लोकांना सांगितलेलं नाही, मी राहिलेले फोटो पूर्ण केले. ओडोमीटर, चेसिस नंबर, चार कोपरे. कारण ते राहिले असते तर परत यावं लागलं असतं. काकांना जाऊन विचारायला हवं होतं मी काय फोन आलाय ते. विचारलं नाही. त्या दिवशी घरी आईने विचारलं, माणसं वाचली का रे, आणि मी म्हणलं, माहीत नाही. पहिल्यांदाच खोटं होतं ते. की खरं होतं? मला माहीत नव्हतंच की. पण माहीत करून घेता आलं असतं.

नोकरी मी काही त्या प्रसंगामुळे सोडली नाही, तसं सांगितलं तर गोष्ट छान होईल पण तसं झालं नाही. पुढे दीड-दोन वर्षं केली आणि दुसरी बरी मिळाली म्हणून सोडली. दुसऱ्या नोकरीत कॅमेराच नव्हता.

मागच्या वर्षीची गोष्ट. भाड्याच्या गाडीत मागे बसलो होतो, संध्याकाळची वेळ, समोर ऊन. मागून कुणीतरी ठोकलं, आमची गाडी फिरली आणि डिव्हायडरला जाऊन बसली. ड्रायव्हरला काही नाही, मला खांद्याचं हाड. कसा बाहेर आलो आठवत नाही, रस्त्यावर उभा होतो, कानात शिट्टी वाजत होती, आणि लोक होते, आणि काही फोन वर धरलेले होते. खोटं वाटेल पण मला राग आला नाही. मला आठवतंय की मी एका माणसाला बघून विचार केला, याने डावीकडून घ्यायला हवा, मागचा मार दिसेल.

रात्री हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत फोटो आमच्या चुलतभावाच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरून त्याच्याकडे आला होता, वर "भीषण अपघात" आणि तीन लाल भोंगे. त्याने फोन केला, "दादा, हा तू आहेस का रे?" मी म्हणलं पाठव. पाठवला त्याने.

फोटोत मी आहे. तोंड अर्धवट उघडं, एका हाताने दुसरा खांदा धरलेला, आणि मी खाली बघतोय, काहीतरी पडल्यासारखं. बघितल्यावर बायको आतल्या खोलीत निघून गेली. मी मात्र बघत बसलो, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की मी फोटो तपासतोय. क्षितिज तिरकं आहे. नंबरप्लेट कापली गेलीये. गाडीचा दोन तृतीयांश भागच फ्रेममध्ये नाही. आणि खाली सगळ्यात पुढे, फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली आलीये, लांबच लांब, दोन्ही कोपरं वर केलेली, पार माझ्या पायापर्यंत. सरांनी असा फोटो तोंडावर फेकला असता.

माझा चष्मा त्या दिवशी हरवला होता. दोन दिवस आम्ही शोधत होतो. ड्रायव्हरला फोन करून सीटखाली बघायला लावलं, मग क्रेनवाल्याला, मग यार्डातल्या पोराला, तो बिचारा टॉर्च घेऊन सगळ्या गाडीत फिरला, नाही सापडला. तिसऱ्या दिवशी मी सहज तो फोटो परत काढला आणि दोन बोटांनी मोठा केला, कशासाठी ते विचारू नका. डिव्हायडरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांखाली, त्या माणसाच्या सावलीच्या बरोबर खांद्यापाशी, चष्मा पडलेला दिसतो. दोन्ही काड्या मिटलेल्या, काचा वर, कुणीतरी झोपताना काढून ठेवावा तसा.